एआर स्कॉर्पाय: ११८ सेकंदांची रेडिओ धडधड कशी पकडायची

वृश्चिक तारकासमूहातल्या या ताऱ्यांच्या जोडीत श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा) ११७ सेकंदांत स्वतःभोवती फिरतो आणि लाल बटूसह (छोट्या, थंड ताऱ्यासह) ३.५६ तासांत एक प्रदक्षिणा होते. दोन्हींच्या मेळातून ११८ सेकंदांचा ठोका उमटतो. ११७ आणि ११८ वेगळे दिसायला निदान एक अख्खी प्रदक्षिणा हवी; दोन मिळाल्या तर उत्तम. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून हा तारा सुमारे ८ तास क्षितिजापासून १७ अंशांपेक्षा वर असतो, म्हणजे एका रात्रीत दोन प्रदक्षिणा बसतात.

१०५० ते १४५० मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या. खालच्या पट्ट्यांत ठोका क्षीण होतो. एकेका नोंदीचा कालावधी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, नाहीतर ठोका सरासरीतच पुसला जातो. तीव्रतेच्या मापासाठी ३सी२८६ हा माहीत तीव्रतेचा स्रोत, आणि दर अर्ध्या तासाला जवळच्या कॅलिब्रेटरवर (मापं जुळवायच्या ओळखीच्या स्रोतावर) ५ मिनिटं.

खरी गोची पुढे आहे. शेजारच्या स्रोतांच्या उपकड्या (प्रतिमेत त्यांच्याभोवती उमटणारे खोटे पट्टे) पृथ्वीबरोबर फिरतात आणि ताऱ्यावरून सरकताना खोटा चढउतार दाखवतात. म्हणून संपूर्ण क्षेत्राची प्रतिमा करा, तारा सोडून बाकी सगळं मॉडेल डेटातून वजा करा, मगच प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) काढा. सेल्फ-कॅलिब्रेशन (याच क्षेत्राच्या मॉडेलवरून केलेली दुरुस्ती) फक्त फेजचं, म्हणजे लहरींच्या टप्प्याचं ठेवा. अ‍ॅम्प्लिट्यूडचं (लहरींच्या उंचीचं), तेही छोट्या अंतरानं केलंत, तर ताऱ्याचा खरा बदलच दुरुस्त होऊन बसतो!

वेगवेगळ्या रात्री जोडताना वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला आणा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे लहरी आपल्याकडे आणि त्या केंद्राकडे पोचण्यातला फरक ८ मिनिटांपर्यंत जातो, म्हणजे तब्बल चार ठोके.