ओव्हरड्राफ्टची मर्यादा चुकून ओलांडली आणि बँकेनं दंड लावला? या चुका टाळा

सीसी (कॅश क्रेडिट) किंवा ओडी (ओव्हरड्राफ्ट) खातं असलेल्या माणसाला दंडाची ही नोंद नवी नसते. कुठे ‘ओव्हरलिमिट चार्जेस’, कुठे ‘पीनल’, कुठे ‘टीओडी’, म्हणजे तात्पुरता ओव्हरड्राफ्ट. नाशिकच्या अंबडमधलं जॉबवर्क करणारं युनिट असो, गोळे कॉलनीतला औषधांचा होलसेलर असो की दिंडोरीकडचं कृषी सेवा केंद्र, उताऱ्यात कधी ना कधी ती दिसतेच. मग कुणी पाचशे-हजाराची रक्कम म्हणून सोडून देतं, कुणी शाखेत जाऊन आवाज चढवतं. दोन्हींतून हाती काही लागत नाही. दंड कोणत्या तारखेला, किती रकमेवर आणि मंजुरीपत्रातल्या कोणत्या अटीखाली लावला, हे तीन प्रश्न लेखी विचारले की बँकेला लेखी उत्तर द्यावं लागतं. पैसे परत मिळायचे असतील तर तिथूनच मिळतात.

फक्त लिमिट बघणं, डीपी न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. मंजूर लिमिट आठ लाखांचं आहे म्हणजे आठ लाख वापरता येतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सीसी खात्यात वापरता येते ती रक्कम ड्रॉइंग पॉवरची, म्हणजे डीपीची. ती तुमच्या स्टॉक स्टेटमेंटवरून दर महिन्याला नव्यानं ठरते.

नाशिक जिल्ह्यातल्या खत-औषध दुकानदाराचं उदाहरण घ्या. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी झाली की माल उधारीवर जातो आणि पैसे परत येतात ते बाग विकल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. समजा नोव्हेंबरात दुकानात सहा लाखांचा माल आहे, त्यातले दोन लाख कंपन्यांना देणं आहे. उरलेल्या चार लाखांवर २५ टक्के मार्जिन, म्हणजे बँक ज्यावर पैसे देत नाही तो हिस्सा, वजा केलं की तीन लाख. नऊ लाखांची उधारी, ४० टक्के मार्जिन वजा करून पाच लाख चाळीस हजार. डीपी झाली आठ लाख चाळीस हजार, म्हणजे लिमिट पूर्ण वापरता येतं. आता फेब्रुवारी उजाडला. माल तेवढाच, येणी तेवढीच, पण त्यातली पाच लाखांची उधारी ९० दिवसांपेक्षा जुनी झाली. बँका साधारणपणे इतकी जुनी येणी डीपीत धरत नाहीत. उरलेल्या चार लाखांवर मार्जिन जाऊन दोन लाख चाळीस हजार, आणि एकूण डीपी पाच लाख चाळीस हजार. खात्यात साडेसात लाख नावे (म्हणजे उचललेले) असतील तर तुम्ही दोन लाख दहा हजारांनी वर आहात. लिमिटच्या आत असूनही!

इथे बँकेचं गणित बरोबर असेल तर भांडून उपयोग नाही. पण ते बरोबर आहे का, हे तपासायचा हक्क तुमचा आहे. त्या महिन्याची डीपी कशी काढली याचा हिशेब लेखी मागा. स्टेटमेंट तुम्ही वेळेत दिलं आणि शाखेनं सिस्टीममध्ये उशिरा भरलं, असंही होतं. त्या वेळी ज्या ईमेलनं स्टेटमेंट पाठवलं त्याची तारीख हाच तुमचा पुरावा. हातोहात देत असाल तर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका. आणि लिमिटचं नूतनीकरण येईल तेव्हा आपला धंदा हंगामी आहे, येणी ९० ऐवजी १२० दिवसांपर्यंत धरा, अशी मागणी अर्जातच करा. छाटणी ते काढणी हे अंतर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाखेला समजावून सांगावं लागू नये.

महिनाअखेरचं व्याज विसरणं

व्याज महिन्याच्या शेवटच्या दिवशी नावे पडतं. पाच लाखांचं लिमिट, ३० जूनला खात्यात ४,९६,००० नावे. महिनाभराची सरासरी बाकी ४,८०,००० आणि दर ११ टक्के धरला तर ३० दिवसांचं व्याज येतं ४,३४० रुपये. ते पडताच खातं ५,००,३४० वर जातं. एकही चेक न काढता तुम्ही ३४० रुपयांनी ओव्हरड्रॉन झालात.

आता दंड कसा लावलाय ते बघा. मंजुरीपत्रात ‘ओव्हरड्रॉन रकमेवर वार्षिक २ टक्के’ असं लिहिलं असेल आणि तुम्ही तीन दिवसांत पैसे भरले असतील, तर ३४० रुपयांवरचा दंड सहा पैसेसुद्धा होत नाही. तोच दंड पूर्ण बाकीवर, पूर्ण महिन्याचा लावला तर ८२२ रुपये होतो. म्हणून उताऱ्यातला आकडा तसाच मान्य करू नका, कॅल्क्युलेटर घेऊन बसा. काही बँका टक्क्याऐवजी ठरावीक रक्कम लावतात. ती शुल्कपत्रकात आणि तुमच्या करारात असायला हवी.

पीनल चार्जेसचा नियम माहीत नसणं

रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला कर्जखात्यांवरच्या दंडाबद्दल परिपत्रक काढलं. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, आणि जुन्या कर्जांना ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. त्यानुसार दंड व्याजदरात मिसळून ‘दंडव्याज’ म्हणून लावता येत नाही, तो वेगळा आकार म्हणूनच लावायचा. चुकीच्या मानानं तो वाजवी हवा. तो किती आणि कशासाठी, हे करारात आणि बँकेच्या वेबसाइटवर असलं पाहिजे. आणि दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही.

या शेवटच्या मुद्द्याकडे फार कमी लोक बघतात. सीसी खात्यात दंड त्याच खात्यात नावे पडतो आणि पुढच्या महिन्याचं व्याज काढताना तोही बाकीत धरला जातो. तसं झालंय का, हे थेट विचारा. रक्कम किरकोळ निघेल, पण असा नेमका प्रश्न आला की अर्ज बाजूला सारणं शाखेला अवघड जातं.

जीएसटीचंही तसंच. २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं स्पष्ट केलंय की रिझर्व्ह बँकेच्या या निर्देशांनुसार घेतलेल्या पीनल चार्जेसवर जीएसटी लागत नाही. तुमच्या नोंदीशेजारी १८ टक्के दिसत असतील तर तो वेगळा मुद्दा म्हणून लिहा.

विनंती आणि तक्रार एकाच अर्जात

‘चुकून झालं, कृपया माफ करावं’ आणि ‘हा दंड बेकायदा आहे’ ही दोन्ही वाक्यं एका कागदावर आली की अर्ज फसतो. आधी स्वतःशी ठरवा. चूक खरंच आपली असेल, तर प्रामाणिक विनंती करा: खातं नियमित आहे, पैसे अमुक तारखेला भरले, यावेळी आकार परत करावा. बरेच व्यवस्थापक पहिल्या वेळी ऐकतात, पण ती त्यांची मर्जी असते, तुमचा हक्क नाही. चूक बँकेची किंवा गणिताची असेल तर माफी मागू नका. असं लिहा:

‘दि. ३१ जुलै रोजी खात्यावर ८२२ रुपये पीनल चार्जेस नावे टाकले आहेत. ३० जूनला ओव्हरड्रॉन रक्कम ३४० रुपये होती व ती तिसऱ्या दिवशी भरली आहे. हा आकार मंजुरीपत्रातील कोणत्या अटीनुसार व किती रकमेवर काढला, याचा हिशेब द्यावा व जादा घेतलेली रक्कम त्याच तारखेपासून जमा करावी.’

‘त्याच तारखेपासून’ हे शब्द सोडू नका. आज रक्कम जमा केली तरी मधल्या दिवसांचं व्याज तुमच्याकडूनच गेलेलं असतं.

ओव्हरलिमिट, चेक रिटर्न, हप्ता परत गेल्याचा आकार, स्टॉक स्टेटमेंट उशिरा दिल्याचा दंड, हे सगळे वेगवेगळ्या ओळींत मांडा. ‘बँकेनं अडीच हजार कापले’ असं ढोबळ लिहिलं की एका ओळीचं उत्तर येतं आणि विषय बंद होतो. पार्टीनं एनईएफटी वेळेत केली आणि तुमच्या खात्यात उशिरा जमा झाली, म्हणून खातं वर गेलं असेल, तर त्या व्यवहाराचा यूटीआर (संदर्भ) क्रमांक जोडा. एनईएफटी जमा करायला बँकेनं उशीर केला तर रेपो दर अधिक २ टक्के दरानं व्याज द्यायचा नियम आहे.

रागाच्या भरात भरणा थांबवणं

हे मात्र अजिबात करू नका. वाद शंभराचा असो की दहा हजारांचा, भरणा दुसऱ्या बँकेत वळवला की नुकसान तुमचंच. खातं लिमिट किंवा डीपीच्या वर सलग ३० दिवसांहून जास्त राहिलं की ते एसएमए-१ या थकबाकीच्या धोक्याच्या वर्गात जातं, ६० दिवसांनंतर एसएमए-२ मध्ये, आणि ९० दिवसांनंतर एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं कर्ज. पुढचं नूतनीकरण, नव्या मशीनचं कर्ज, सगळं तिथे अडकतं. आधी खातं लिमिटच्या आत आणा, मग निवांत भांडा.

चुकीचं दार ठोठावणं

थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि तिचा क्रमांक. शाखेत काही झालं नाही तर बँकेचा तक्रारी बघणारा नोडल अधिकारी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की लगेच रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोर्टल शोधताना सर्चमध्ये दिसणाऱ्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. ‘चार्जेस रिफंड’ म्हणून ओटीपी मागणारे तिथेच बसलेले असतात.

नागरी सहकारी बँकांपैकी मोठ्या बँका लोकपाल योजनेत येतात. २०२१ च्या योजनेत बिगर-शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीत नसलेल्या) बँकांसाठी ५० कोटींच्या ठेवींची अट होती. कर्ज पतसंस्थेचं असेल तर मात्र रिझर्व्ह बँकेचा संबंध नाही, तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. अर्जासोबत मंजुरीपत्र, त्या महिन्याचा उतारा आणि संस्थेला दिलेल्या तक्रारीची पोच जोडा.