हृदय तोलायच्या तासाची तयारी

सहावीत इजिप्त म्हटलं की मुलं थेट ममीवर जातात आणि कुणीतरी अंगाला बँडेज गुंडाळून किंचाळत धावतं. तो धिंगाणा नको असेल तर ममीचा नाद सोडा आणि मेल्यानंतरच्या न्यायनिवाड्याचं छोटं नाटक बसवा: त्यात मृताचं हृदय सत्याच्या पिसाशी तोलतात. आधाराला आनी नावाच्या लेखनिकाची पपायरसची, म्हणजे मृतासोबत ठेवायच्या मंत्रांची, गुंडाळी पुरते. ती इसवी सनपूर्व १२५० च्या सुमाराची, जवळपास २४ मीटर लांब, आणि सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यातल्या हृदय तोलण्याच्या चित्राची मोठी रंगीत प्रत आठवडाभर आधीच भिंतीवर लावा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

पात्रंही तिथूनच उचला. आनी आणि त्याची बायको तुतू, तराजूपाशी कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस, लेखणी घेतलेला देव थोथ, आनीला पुढे नेणारा देव होरस, हिरव्या तोंडाचा न्यायाधीश ओसायरिस. अनुबिसचा मुखवटा काळाच हवा, पण तो काळा रंग नाईलच्या सुपीक गाळाचा, नव्या जन्माचा, हे त्या मुलाला आधी सांगा. नाहीतर तो खलनायकासारखा गुरगुरत बसतो. दोषी ठरलेलं हृदय गिळणारी अम्मिट व्हायला सगळा वर्ग हात वर करेल, कारण तिचं तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं आणि मागचं पाणघोड्याचं. तिथे सरळ चिठ्ठ्या टाका.

उरलेल्या वर्गाची सोय इजिप्शियन लोकांनीच करून ठेवली आहे. न्यायसभेत ४२ देव बसतात आणि मृतानं एकेकाला नावानं हाक मारून एकेक पाप ‘मी केलं नाही’ असं सांगायचं असतं. ‘लांब टांगा टाकणारा’, ‘हाडं मोडणारा’, ‘सावल्या गिळणारा’ अशी नावं पुठ्ठ्यावर लिहून गळ्यात अडकवा. नकारांची यादी मात्र आपण स्वतः चाळायची. काही नकार लैंगिक वर्तनाबद्दलचे आहेत, ते वर्गात नकोत. चोरी केली नाही, खोटं बोललो नाही, लपून ऐकलं नाही, हे घ्या. नकारांच्या त्याच मंत्रात वाहतं पाणी अडवलं नाही, मापात पाप केलं नाही, लेकराच्या तोंडचं दूध काढलं नाही, असंही येतं. शेतकऱ्याघरच्या पोरांना पाण्याचं लगेच कळतं. आणि एक पक्कं ठरवून घ्या: मुलांनी स्वतःच्या चुका बोलून दाखवायच्या नाहीत. बोलायचं ते आनीनं.

तराजूला वेळ द्या. चित्रातलं हृदय छोट्या मडक्यासारखं दिसतं, म्हणून एका पारड्यात मातीचं बोळकं. दुसऱ्यात माआत देवीचं, म्हणजे सत्याचं, पीस. पुठ्ठ्याचं चालेल, खाली वाळूची पुडी लपवा. हृदय पिसाहून हलकं असावं लागे असं बरेच जण सांगतात, पण चित्रात दांडी सरळ आहे. तेव्हा आदल्या दिवशीच वाळू कमी-जास्त करून समतोल साधून ठेवा आणि प्रयोगाच्या वेळी पंखा बंद करा.

थोथनं लेखणी उचलली की ‘चित्रगुप्त!’ अशी आरोळी येणारच. येऊ द्या. फक्त थोथ जन्मभराचा हिशेब ठेवत नाही, तराजूचा निकाल नोंदवतो, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडी घाला.

आनी होणाऱ्या मुलाकडून एकच मंत्र घोटून घ्या: ‘आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस.’ हा मंत्र भुंगेऱ्याच्या आकाराच्या ताइतावर कोरून ममीच्या छातीवर ठेवत. देवांपेक्षा आपल्याच हृदयाचा धसका! सगळ्या खेळाचं मर्म इथे आहे, त्यामुळे पाठांतराचा सूर लागला तर पुन्हा म्हणायला लावा.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. अशा गुंडाळ्या नावापुरती जागा मोकळी सोडून आधीच तयार करत. आनीच्या गुंडाळीतही काही ठिकाणी त्याचं नाव मागाहून भरलेलं आहे. निकाल अर्थातच मालकाच्या बाजूनं. मग ज्याला गुंडाळी परवडत नव्हती त्याचं काय, हा प्रश्न एव्हाना उपाशी बसलेल्या अम्मिटला विचारू द्या.