विशेष बी पेशींचा अभ्यास कसा करावा : लेप्टोच्या तापापासून आरंभ

कोकणातील महाविद्यालयांत प्रतिकारशास्त्र शिकणाऱ्यांनी बी पेशींचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा) हा भाग लेप्टोस्पायरोसिसपासून, म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणूमुळे येणाऱ्या तापापासून सुरू करावा, असा माझा आग्रह आहे. कारण भातलावणीच्या दिवसांत खाचरातील पाण्यातून, पायावरच्या जखमेवाटे शरीरात शिरणारा हा जिवाणू रत्नागिरी-सिंधुदुर्गात सर्वांच्या परिचयाचा आहे.

प्रथम वहीत आजाराच्या दिवसांची एक आडवी रेषा काढावी. टी पेशींच्या (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) मदतीने घडणारी नेमकी आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात तयार होण्यास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि जिवाणू तोवर थांबत नाही. मधल्या दिवसांत कोण लढते, हा प्रश्न त्या रेषेवर लिहून पुढचे वाचन त्याच्या उत्तरासाठी करावे.

उत्तरात पहिल्या येतात बी-१ पेशी. उंदरांत त्या मुख्यतः उदरपोकळी आणि फुप्फुसावरणाच्या पोकळीत राहतात व कोणताही संसर्ग होण्यापूर्वीच नैसर्गिक आयजीएम (प्रतिपिंडांचा आणखी एक प्रकार) बनवत असतात. प्लीहेच्या सीमाक्षेत्रातील बी पेशी रक्तातून आलेल्या जिवाणूंची बहुशर्करायुक्त आवरणे ओळखतात. प्लीहा काढलेल्या रुग्णांना अशाच आवरणाच्या न्युमोकोकस जिवाणूविरुद्धची लस का देतात, हे येथे उलगडते. हा मुद्दा घाईने ओलांडू नये.

त्यानंतर दाहाकडे वळावे. २०१२ मध्ये उंदरांत वर्णन झालेल्या, बी-१ए पेशींपासून (बी-१ पेशींच्या एका उपप्रकारापासून) बनणाऱ्या आयआरए (इनेट रिस्पॉन्स ॲक्टिव्हेटर) बी पेशी जीएम-सीएसएफ हे संकेत देणारे प्रथिन स्रवतात आणि रक्तातील जंतुदोषापासून संरक्षण करतात. नियामक बी पेशी मात्र आयएल-१० हे दुसरे संकेत-प्रथिन स्रवून दाह आवरतात. दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात, कारण बी पेशी म्हणजे केवळ प्रतिपिंडांचा कारखाना ही समजूत त्यांमुळेच दूर होते.

शेवटी प्रत्येक विधानापुढे ‘उंदीर’ की ‘मानव’ हे लिहावे. ही शिस्त मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उंदराचा टीएलआर-४ ग्राहक (जंतूंचे घटक ओळखणारे पेशीवरील प्रथिन) लेप्टोस्पायराचे लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे त्याच्या बाह्य आवरणातील मेद-शर्करेचा रेणू, ओळखतो आणि त्यातून बी पेशींना लवकर आयजीएम बनवण्याची चालना मिळते. मानवाचा टीएलआर-४ ते ओळखत नाही. मानवी बी-१ पेशींची ओळखचिन्हेही अजून वादातीत नाहीत. रुग्णाच्या रक्तात आयजीएम चाचणीला सापडण्याइतके साधारणतः तापाच्या पाचव्या ते सातव्या दिवसापासून वाढते, म्हणून त्याआधीचा नकारार्थी निकाल लेप्टो नसल्याचा पुरावा ठरत नाही, हेही रेषेवर त्याच जागी नोंदवावे.