लिबकर्लभोवती रस्टचे सुरक्षित रॅपर लिहिताना या चुका टाळा

लिबकर्ल या इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या सी भाषेतल्या लायब्ररीभोवती रस्टमध्ये लिहिलेले रॅपर, म्हणजे तिची फंक्शने वापरू देणारे वेष्टन, कंपाइल होते, पहिले वेबपान नीट उतरवूनही घेते आणि तरीही ते सुरक्षित असेलच असे नाही. कारण लायब्ररीला दिलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) किती काळ जिवंत राहायला हवा, हे सी भाषेची हेडर फाइल सांगत नाही. तो नियम लायब्ररीच्या प्रत्येक ऑप्शनच्या (सेटिंगच्या) दस्तऐवजात असतो. बाइंडजेन ही युटिलिटी हेडरमधल्या घोषणा रस्टमध्ये उचलून देते, पण हे नियम तिला दिसत नाहीत. ते रस्टच्या टाइपांमध्ये उतरवणे हेच रॅपरचे खरे काम असून पुढील बहुतेक चुका ते अर्धवट सोडल्यामुळे होतात.

प्रत होते, असे गृहीत धरणे

आवृत्ती 7.17.0 पासून सेटऑप्टला (ऑप्शन ठरवणाऱ्या फंक्शनला) दिलेल्या स्ट्रिंगची लिबकर्ल स्वतःची प्रत करून ठेवते, त्यामुळे यूआरएलसाठी बनवलेली सीस्ट्रिंग (सीला चालणारी रस्टची स्ट्रिंग) लगेच नष्ट झाली तरी बिघडत नाही. हाच नियम सरसकट लावला की घात होतो. पोस्टफील्ड्स या, सर्व्हरकडे पाठवायचा मजकूर घेणाऱ्या ऑप्शनला दिलेल्या मजकुराची प्रत केली जात नाही. सेटऑप्ट यशस्वी झाल्याचे कळवते, आणि परफॉर्मची (प्रत्यक्ष ट्रान्सफर करणाऱ्या फंक्शनची) वेळ येईपर्यंत ती मेमरी दुसऱ्याच कामाला लागलेली असू शकते. सर्व्हरकडे अधूनमधून निरर्थक बाइट पोहोचत असतील, तर आधी हेच तपासावे. उपाय म्हणून कॉपीपोस्टफील्ड्स वापरता येतो, मात्र मजकुरात शून्य बाइट येण्याची शक्यता असल्यास लांबी त्याच्या आधी सांगावी लागते. विनंतीसोबत जाणाऱ्या हेडरांची एसलिस्ट ही यादी आणि त्रुटीचा संदेश ठेवणारा किमान 256 बाइटांचा एररबफर यांचीही प्रत होत नसते.

अशा गोष्टींची मालकी सरळ रॅपरकडेच घ्यावी, असे माझे मत आहे. उसना संदर्भ हँडलमध्ये (ट्रान्सफरची सेटिंग धरणाऱ्या लिबकर्लच्या ऑब्जेक्टमध्ये) नोंदवायचा आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या गार्डच्या ड्रॉपमध्ये (नष्ट होताना चालणाऱ्या कोडमध्ये) तो पुसायचा, ही रचना दिसायला नेटकी असते. पण ड्रॉप न चालवता व्हॅल्यू सोडून देणारे मेम फर्गेट हे रस्टमधले सुरक्षित फंक्शन असल्यामुळे ड्रॉप चालेलच अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

तिसऱ्या आर्ग्युमेंटचा आकार

सेटऑप्ट व्हेरिॲडिक आहे, म्हणजे त्याच्या शेवटच्या आर्ग्युमेंटचा प्रकार घोषणेत ठरलेला नाही, म्हणून तिसऱ्या आर्ग्युमेंटचा प्रकार चुकला तरी रस्टचा कंपायलर गप्प राहतो. 64 बिटांच्या लिनक्सवर सीचा लाँग 64 बिटांचा, तर विंडोजवर 32 बिटांचा असतो. म्हणून आय32 किंवा आय64 असे हाताने न लिहिता सी लाँग हाच टाइप वापरावा.

कॉलबॅक

कॉलबॅक म्हणजे लिबकर्लने परत बोलावायचे आपले फंक्शन; सर्वाधिक डोकेदुखी येथे होते. बॉक्समधल्या (हीपवर ठेवलेल्या) डिन एफएनम्यूटचा, म्हणजे कोणत्याही प्रकारच्या क्लोजरचा, पॉइंटर दोन मशीन-शब्दांचा असतो, तर कॉलबॅककडे पोहोचवायचा पॉइंटर घेणाऱ्या राइटडेटामध्ये एकाच शब्दाची जागा असते; त्यामुळे क्लोजर आणखी एका बॉक्समध्ये किंवा स्ट्रक्टमध्ये ठेवून त्या बाहेरच्या बॉक्सचा पॉइंटर द्यावा लागतो. हेच स्ट्रक्ट स्टॅकवर ठेवून त्याचा पत्ता दिला, तर त्याच फंक्शनमध्ये सगळे चालते आणि हँडल परत केल्यावर मात्र प्रोग्रॅम कोसळतो, कारण स्ट्रक्ट हलले आणि लिबकर्लकडे जुनाच पत्ता राहिला. राइटफंक्शन (आलेला डेटा घेणारा कॉलबॅक) न लावता नुसता राइटडेटा दिला, तर लिबकर्ल तो फाइल पॉइंटर समजून त्यात लिहू पाहते.

कॉलबॅकमधला पॅनिक (रस्टमधली काम थांबवणारी गंभीर त्रुटी) सीच्या फ्रेममधून बाहेर जाऊ देऊ नये. रस्ट 1.81 पासून एक्स्टर्न सी (सीकडून बोलावता येणाऱ्या) फंक्शनमधून निसटणारा पॅनिक प्रोग्रॅमच बंद पाडतो; त्याआधी तर वर्तनच अनिश्चित होते. कॅच अनवाइंड या फंक्शनने तो अडवावा, साठवून ठेवावा, आलेल्या बाइटांपेक्षा वेगळा आकडा परत करून ट्रान्सफर त्रुटी क्रमांक 23 वर थांबवावा आणि परफॉर्म परतल्यावरच पॅनिक पुन्हा सुरू करावा.

याहून सहज निसटणारी गोष्ट अशी की ईझी क्लीनअप (हँडल बंद करणारे फंक्शन) चालू असतानाही प्रोग्रेस किंवा हेडर कॉलबॅक बोलावला जाऊ शकतो, कारण एफटीपी, पॉप3 आणि आयमॅप हे प्रोटोकॉल जोडणी तोडण्याआधी सर्व्हरशी आज्ञा-उत्तराची देवाणघेवाण करतात. केवळ एचटीटीपीवर चाचणी घेतलेल्या रॅपरमध्ये ही चूक वर्षानुवर्षे दडून राहू शकते. क्लीनअप रॅपरच्या स्वतःच्या ड्रॉपमध्ये ठेवल्यास रस्ट तो आधी चालवतो आणि फील्ड नंतर नष्ट करतो, म्हणजे क्रम आपोआप बरोबर राहतो. पण हँडल आणि क्लोजर ही दोन स्वतंत्र फील्ड असून क्लीनअप हँडलच्या फील्डच्या ड्रॉपमध्ये असेल, तर ती घोषणेच्या क्रमाने नष्ट होतात, हे ध्यानात ठेवून हँडल वर लिहावे.

थ्रेड

कच्चा पॉइंटर असल्यामुळे रॅपरला सेंड (दुसऱ्या थ्रेडकडे देण्याची परवानगी) आणि सिंक (अनेक थ्रेडांनी एकाच वेळी वापरण्याची परवानगी) आपोआप मिळत नाहीत, आणि कंपायलरची तक्रार मिटवण्यासाठी दोन्ही अनसेफ इम्प्लने, म्हणजे प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या जबाबदारीवर, बहाल केले जातात. ईझी हँडल एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे देता येते, पण एकाच वेळी दोघांनी वापरता येत नाही. म्हणून सेंड द्यावा, सिंक देऊ नये, आणि सेंड देताना आतल्या क्लोजरवरही सेंडची अट घालावी, नाहीतर आरसी (एकाच थ्रेडपुरता सुरक्षित सामाईक पॉइंटर) धरून बसलेले क्लोजर गुपचूप थ्रेड ओलांडते. ग्लोबल इनिट (लायब्ररीची सुरुवातीची तयारी करणारे फंक्शन) आवृत्ती 7.84.0 पूर्वी थ्रेडसेफ नव्हते आणि त्यानंतरही ते बिल्डवर अवलंबून आहे. ते एकदाच चालण्याची हमी देणाऱ्या वन्समध्ये गुंडाळावे.

शोध कसा घ्यावा

रस्टमधल्या मेमरीच्या चुका शोधणारी मिरी लिबकर्लची फंक्शने चालवू शकत नाही, त्यामुळे येथे तिचा फारसा आधार मिळत नाही. रस्टच्या नाइटली (प्रायोगिक) कंपायलरवर मेमरीतल्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावता येतो, मात्र लिबकर्लही त्याच पर्यायासह बांधलेली असावी. नाहीतर तिच्या कोडने मुक्त झालेल्या मेमरीतून केलेली बरीचशी वाचने त्याच्या नजरेतून सुटतात. तशी बांधणी शक्य नसल्यास त्याच कामाचे व्हॅलग्राइंड वापरावे; ते हळू चालते, पण त्याला वेगळे कंपाइल करावे लागत नाही. चाचण्यांमध्ये स्थानिक एफटीपी सर्व्हरवरचा एक ट्रान्सफर अवश्य ठेवावा आणि त्यात प्रोग्रेस कॉलबॅक लावून हँडल ड्रॉप करून पाहावे.