शिवणकाम, बुटीक आणि जीएसटी : आधी विचारा, कापड कोणाचं?

गोव्यात शिवणकामाचं दुकान किंवा बुटीक काढलं की कोणीतरी हमखास सांगतं, ‘वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीचं काही करायची गरज नाही.’ मलाही एका सल्लागाराने हेच सांगितलं होतं. त्या एका वाक्यापायी माझा लग्नसराईचा अख्खा हंगाम धाकधुकीत गेला. कापड किंवा तयार कपडे विकणाऱ्या दुकानासाठी ते वाक्य बरोबर आहे. शिवून देणाऱ्यांसाठी नाही.

गिऱ्हाईक आपलं कापड घेऊन आलं आणि आपण शिवून दिलं, तर जीएसटीच्या हिशेबात आपण वस्तू विकली नाही, सेवा दिली. सीजीएसटी म्हणजे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिलंय: दुसऱ्याच्या मालावर केलेलं काम ही सेवा. सेवेला नोंदणीची मर्यादा आहे वर्षाला 20 लाख. 40 लाखांची सवलत निव्वळ वस्तू विकणाऱ्यांनाच मिळते. दुकानात कुर्ते टांगलेत आणि मागे मशीनवर लोकांचे ब्लाऊज शिवले जातायत, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकींचं जे चित्र असतं ते, तर दोन्हीची बेरीज करायची आणि मर्यादा 20 लाखांचीच धरायची. बेरीज उलाढालीची, नफ्याची नव्हे. कारागिरांची मजुरी, भाडं, दोरा-अस्तर यातलं काहीही वजा होत नाही.

कापड कोणाचं, हाच प्रश्न नोंदणीनंतर कराच्या दरालाही लागू होतो. चवथीच्या आधी एक बाई स्वतःचं कापड घेऊन लेहंगा शिवायला आली, शिलाई ठरली 6000. अस्तर, हूक, दोरा आपला. तरी मुख्य काम शिलाईचंच, कर 5 टक्के, म्हणजे 300 रुपये. तोच लेहंगा आपल्या कापडाचा करून 6000 ला विकला, तर तो तयार कपडा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपेक्षा महाग नगाला 18 टक्के लागतात, म्हणजे 1080. 2500 पर्यंत 5 टक्केच. ‘हजाराच्या वर 12 टक्के’ हा हिशेब जुना झाला, तो सांगणाऱ्याकडून बाकीचा सल्लाही घेऊ नका.

ॲडव्हान्सचंही तसंच. शिलाईपोटी मार्चमध्ये ॲडव्हान्स घेतला आणि ब्लाऊज मेमध्ये दिला, तरी त्या रकमेवरचा कर मार्चचाच. आपल्या कापडाच्या कपड्यासाठी घेतलेल्या ॲडव्हान्सवर मात्र कर बिल करताना लागतो. म्हणून ऑर्डरच्या वहीत मापांच्या वर, जिथे कापडाचा तुकडा टाचतो तिथेच, मी ‘त्यांचं’ किंवा ‘आपलं’ असं लिहिते. मास्तर कापायला घेण्याआधी ते लिहिलेलं असलंच पाहिजे. महिनाअखेरीला आठवून लिहिता येत नाही, मी सांगते.

एक पळवाट तुम्हाला नक्की सुचवली जाईल: एकच किंमत लावलेला अनारकली, पण बिलं दोन, एक कापडाचं आणि एक शिलाईचं, म्हणजे 18 टक्के टळतात. करू नका. गिऱ्हाइकाने तयार ड्रेस पाहून तयार ड्रेस घेतलाय, ते बिल फाडून दोन होत नाही.

दुसरा लाडका सल्ला, ‘कॉम्पोझिशन घे, डोक्याला ताप नाही.’ कॉम्पोझिशन म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्क्याने कर भरायची सोपी योजना. तयार कपडेच विकत असाल तर ठीक, तिथे दर 1 टक्का. पण त्या योजनेत सेवेला जागा थोडी: उलाढालीच्या 10 टक्के किंवा 5 लाख, यातलं जे जास्त असेल तेवढीच. शिलाई त्याच्या वर गेली की उरते 6 टक्क्यांची योजना, 50 लाखांपर्यंतची, आणि ते 6 टक्के गिऱ्हाइकाकडून घेता येत नाहीत, आपल्या खिशातून जातात. नेहमीच्या नोंदणीत शिलाईला 5 टक्के, तेही गिऱ्हाइकाकडून, शिवाय कापड आणि मशीनवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर आपल्या भरायच्या करातून वजा होतो. शिलाईवर चालणाऱ्या दुकानाने कॉम्पोझिशन घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. रिटर्न भरणारा ते सुचवतो तेव्हा त्याचं काम हलकं होत असतं, तुमचं नाही. जो आधी तुमची वही मागतो त्याच्याकडे जा.

आपल्याकडे हद्दीचा प्रश्नही आहे. सावंतवाडी नाहीतर कारवार म्हणजे आपल्याला शेजारचा गाव, पण तिथे कुर्ती कुरियरने पाठवली की ती आंतरराज्य विक्री. वस्तूंच्या आंतरराज्य विक्रीला 20-40 लाखांची मर्यादा लागूच नाही, पहिल्या पार्सलाआधी नोंदणी हवी. सरकारच्या यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, साधी कुर्ती त्यात बसत नाही. तिथल्या गिऱ्हाइकाच्या कापडाचं शिवणकाम मात्र 20 लाखांपर्यंत नोंदणीशिवाय चालतं.

आणि यूपीआयवर आलेले पैसे कोणाला दिसत नाहीत, हे डोक्यातून काढा. जुलै 2025 मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरूनच छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या.

एवढं वाचून छातीत धडधडत असेल तर थांबा, वर्षाला आठ-दहा लाखांची शिलाई असेल आणि माल राज्याबाहेर जात नसेल, तर आज नोंदणीची सक्ती नाही. वही तेवढी चोख ठेवा. मर्यादा ओलांडलीत की 30 दिवसांत अर्ज करायचा. पॅन, आधार, दुकानाचं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, भाड्याची जागा असेल तर करार, एवढ्यात काम होतं. सरकारी पोर्टलवर नोंदणीची फी शून्य आहे; अर्ज भरून देणाऱ्याने ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. गोव्याचा जीएसटी नंबर 30 ने सुरू होतो. तो मिळाला की दुकानाच्या पाटीवर लिहायचा आणि प्रमाणपत्र आत दिसेल असं लावायचं. तिमाही रिटर्नचा पर्याय घेतलात तर विक्रीचा तपशील तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या 13 पर्यंत, 3बी (कराच्या गोषवाऱ्याचा रिटर्न) 22 पर्यंत, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या 25 पर्यंत भरायचा.