डिजिटल नागरिकत्व शाळेत शिकवायचं कसं? सुरुवात स्टाफरूमपासून

सहावीच्या वर्गात मी एकदा सहज विचारलं, "तुम्हाला न विचारता तुमचा फोटो कुणी ऑनलाइन टाकलाय का?" बरेच हात वर झाले. कुणी टाकला, असं विचारल्यावर मागच्या बाकावरून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, तुम्हीच." खरंच होतं ते. सहलीचे फोटो मीच पालकांच्या ग्रुपवर टाकले होते आणि त्यात एक मुलगी रडताना दिसत होती. डिजिटल नागरिकत्वाची, म्हणजे ऑनलाइन जगात जबाबदारीनं वागण्याची, सुरुवात मुलांपासून करू नये, हे मला त्या दिवशी कळलं.

आधी स्वतःकडे बघा

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं व्हायला नको. एक आठवडा शिक्षकांनी फक्त निरीक्षण करायचं. मुलांचे फोटो कुठे कुठे जातात? संगणक कक्षाचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला आहे का? प्रश्नपत्रिकेतलं चित्र कुठून उचललं? रात्री साडेदहाला गृहपाठाचा मेसेज कोण पाठवतं? जे सापडेल त्यावरून एक पानी नियम करा. एकच पान. चाळीस कलमांची नियमावली कुणी वाचत नाही, ती बनवणाराही. फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी घ्यालच, पण मुलालाही विचारा. "नको" म्हणायची सवय इथूनच लागते.

मग मुलांचं ऐका

निनावी चिठ्ठ्या घ्या. प्रश्न दोनच: गेल्या महिन्यात ऑनलाइन असं काय घडलं, ज्यानं वाईट वाटलं? आणि ते कुणाला सांगितलं? खरं मोल दुसऱ्या प्रश्नाचं आहे. माझ्याकडे "कुणालाच नाही" हेच उत्तर सगळ्यात जास्त आलं आणि कारण बहुतेकांचं एकच, सांगितलं तर फोन काढून घेतील. चिठ्ठी निनावी असल्यामुळे त्यात काही गंभीर निघालं तर मूल शोधता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या वाटतानाच सांगून ठेवा, की बोलावंसं वाटलं तर कुणाकडे आणि कधी यायचं.

एक अडचण हमखास येते. बऱ्याच ॲपवर खातं उघडायला किमान 13 वर्षांची अट असते. तिचं मूळ 1998 च्या अमेरिकन कायद्यात आहे. 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला तो मनाई करतो. तुमच्या वर्गातल्या काहींनी वय खोटं सांगून खाती उघडलेली असणारच. त्यावरून पहिल्याच दिवशी रागावलात, तर पुढे कुणी तोंड उघडणार नाही.

वेगळा तास नको, रोजच्या विषयांत घाला

गणितात पासवर्ड घ्या. चार आकडी पिनचे प्रकार 10,000, सहा आकडीचे 10 लाख. फक्त इंग्रजी लहान अक्षरं वापरली तरी आठऐवजी बारा अक्षरांच्या पासवर्डचे प्रकार 4,56,976 पट होतात. हे मुलांनाच गुणाकार करून काढू द्या. मात्र अक्षरं कशीही निवडलेली हवीत. स्वतःचं नाव आणि जन्मसाल लावलं, तर हा गुणाकार फुकट, हेही सांगा.

इतिहासात पुरावा तपासायला शिकवा. 1998 साली कुणीतरी गंमत म्हणून झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं संकेतस्थळ बनवलं होतं. छायाचित्रं, अधिवास, 'प्रजाती वाचवा'चं आवाहन, सगळं अगदी खऱ्यासारखं. वर्गाचे दोन गट करा. एकानं फक्त ते पान वाचायचं, दुसऱ्यानं पान सोडून नव्या टॅबमध्ये 'हे बनवणारा कोण' ते शोधायचं. दहा मिनिटांत फरक दिसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांना अभ्यासात हेच आढळलं होतं. व्यावसायिक तथ्य-तपासनीस अनोळखी पानावर रेंगाळत नाहीत, लगेच बाहेर पडून इतर काय म्हणतात ते बघतात. पानातच रुतून बसलेले इतिहासाचे प्राध्यापकसुद्धा फसले होते.

चित्रकलेच्या तासाला क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने दाखवा, म्हणजे आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे निर्मात्यानं आधीच सांगून ठेवलेले परवाने. चित्र घेतलं तर चित्रकाराचं नाव खाली लिहायचं, एवढं जमलं तरी पुष्कळ.

कागदाचा खेळ

यासाठी इंटरनेट लागत नाही. एका मुलाला कागदावर एक निरुपद्रवी वाक्य लिहायला सांगा. शेजाऱ्यानं ते वहीत उतरवून कागद पुढे द्यायचा. कागद वर्गभर फिरला, की पहिल्या मुलाकडे परत द्या आणि फाडायला सांगा. माझ्या वर्गातल्या मुलानं ऐटीत तुकडे केले आणि मग आजूबाजूच्या वह्यांकडे बघत राहिला. "आता यांच्या वह्या पण फाडू?" 'डिलीट'वर मी काही वेगळं बोललेच नाही.

त्रास होत असेल तेव्हा

चिडवणाऱ्यापेक्षा बघणारे जास्त असतात, म्हणून शिकवायचं त्यांनाच. पुढे पाठवू नका. ज्याला त्रास होतोय त्याला वेगळा मेसेज करा. शिव्या, धमक्या असतील तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मोठ्यांना सांगा.

याला एक अपवाद आहे आणि तो शिक्षकांसाठी आहे. अल्पवयीन मुलाचं नग्न किंवा अश्लील छायाचित्र फिरत असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, स्वतःच्या फोनवर मागवू नका, पुरावा म्हणून मुख्याध्यापकांनाही पाठवू नका. ते जवळ बाळगणं किंवा पुढे पाठवणं अनेक देशांत गुन्हाच आहे. कुणी, कधी, कुठे पाठवलं ते कागदावर लिहा, फोन बंद करून बाजूला ठेवा आणि शाळेच्या जबाबदार व्यक्तीमार्फत पोलिसांना कळवा. आणि त्या मुलाला "काढलासच कशाला?" हा प्रश्न विचारू नका.

पालक

भाषण ठेवू नका, लोक पेंगतात. मुलांनाच मास्तर करा. फोटोत जागेची नोंद कशी साठते आणि ती कशी बंद करायची, हे त्यांनी आईबाबांच्या फोनवर करून दाखवायचं.

तीन महिन्यांनी पुन्हा चिठ्ठ्या

याची परीक्षा घेऊ नका. गुणांसाठी मुलं तुम्हाला हवं तेच लिहितील. तेच दोन प्रश्न पुन्हा विचारा आणि "कुणालाच नाही" किती कमी झाले ते मोजा. माझ्याकडे दुसऱ्या खेपेला एक चिठ्ठी आली: "ताईला सांगितलं. मॅडमना सांगणार होते, पण त्या तेव्हा फोनवर होत्या."