कपाळाच्या कातडीचं नाक: देठाचे तीन आठवडे कसे सांभाळावेत

कॅन्सरची गाठ काढल्यावर किंवा अपघातात नाकाचा मोठा भाग गेला, की मांडीची कातडी तिथं चिकटवून भागत नाही. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, उघड्या कूर्चेवर (नाका-कानातल्या लवचिक, मऊ हाडावर) ती धरत नाही आणि रंगही वेगळा दिसतो. कपाळाची कातडी रंगाला, जाडीला नाकाशी जुळते. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आलेली पुण्याकडची शस्त्रक्रियाही कपाळाच्या कातडीनं नाक घडवण्याचीच होती. तिथं नाकाचं माप मेणावर घेतलं होतं. आज सर्जन पातळ फॉइल कापून माप घेतात, गरज असेल तिथं कानाची किंवा बरगडीची कूर्चा आधाराला घालतात आणि कपाळाची कातडी फिरवून नाकावर शिवतात.

ही कातडी भुवईच्या आतल्या टोकाशी जोडलेलीच ठेवतात. तो जोड म्हणजे देठ, साधारण सव्वा ते दीड सेंटीमीटर रुंद. त्यातली बारीक रक्तवाहिनी नव्या नाकाला जगवते. साधारण तीन आठवड्यांत नाकाकडून नवा रक्तपुरवठा जुळतो, मग देठ कापतात. मध्ये कातडी पातळ करायची असेल तर सहा आठवडे लागतात. चेहरा पाहून घरचे घाबरतात, हे साहजिक आहे. त्यांना हे आधीच समजावून सांगा.

तंबाखू, मशेरी, गुटखा, बिडी किमान चार आठवडे आधी बंद करा आणि देठ कापून जखम भरेपर्यंत बंदच ठेवा. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात आणि कातडीची कड काळी पडते. आपल्याकडं बायका मशेरीला व्यसन धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तरी सांगायचं राहून जातं. स्पष्ट सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनानं बंद करू नका.

देठावर दाब नको, हे सगळ्यात महत्त्वाचं. फेटा, रुमाल, डोकं दुखतं म्हणून आवळून बांधलेली पट्टी, हेल्मेट, चष्मा: देठ असेपर्यंत काहीच नाही. उशा लावून डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवा, पालथं झोपू नका, वाकून घागर उचलू नका. शिंक तोंड उघडून द्या. सूज आली म्हणून बर्फ लावू नका. गारठ्यानंही रक्तवाहिन्या आवळतात.

देठाची मागची बाजू कच्ची असते. पहिले एक-दोन दिवस तिथून थोडं रक्त झिरपतं. स्वच्छ गॉझ अलगद टेकवा, चिमटीत दाबू नका. तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठा. टाक्यांवरची खपली सलाईननं ओली करून पुसा आणि सांगितलेलं मलम लावा, कोरडी पडू देऊ नका. हळद, चुना काही नको. कपाळाची वरची जखम कधीकधी मुद्दाम उघडी ठेवतात. मलमाखाली ती काही आठवड्यांत आपोआप भरते.

सकाळ-संध्याकाळ दाराशी, उजेडात नाक पाहा. बोटानं हलकं दाबून सोडलं की दोन-तीन सेकंदांत रंग परतायला हवा. पांढरं आणि गार पडलं तर रक्त पोचत नाही. निळं-जांभळं, फुगलेलं आणि दाबताच झटकन रंग परतणारं असेल तर रक्त बाहेर जात नाही. सावळ्या कातडीवर रंग पटकन ओळखू येत नाही, म्हणून बोटांच्या पाठीनं ऊबही तपासा आणि रोज त्याच जागी फोटो काढा. बदल दिसला की सकाळची वाट न पाहता सर्जनला फोन करा. रक्त साचलं असेल तर टाके सैल करून, कधी जळवा लावूनही कातडी वाचवता येते, पण तासांचा हिशोब असतो. गाव दूर असेल तर पहिले आठ-दहा दिवस दवाखान्याजवळच राहायची सोय करा.

नाकावर पाण्याचा थेंब पडला आणि तो कपाळावर जाणवला, तर दचकू नका. मज्जातंतू अजून कपाळाचेच आहेत.

देठ कापल्यावर नाक जाड, फुगीर दिसतं. घडण उतरायला वर्षभर लागू शकतं. पातळ करण्याची छोटी शस्त्रक्रिया काही महिन्यांनी होते. जखम भरली की उन्हात किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन आणि रुंद काठाची टोपी वापरा, नाहीतर व्रण काळे पडतात.